गुडघेबदलाचं ऑपरेशन: आधीचा महिना आणि नंतरचे तीन महिने

तळपाय

गुडघेबदलाचं ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपतं. पेशंट तीन-चार दिवसांत घरी येतो. गुडघा पूर्ण सरळ होणार का, किती वाकणार, जिना चढता येणार का, हे मात्र पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत ठरतं, आणि त्या काळात समोर डॉक्टर नसतात, घरची माणसं असतात. डिस्चार्जच्या वेळी हातात व्यायामाचा एक कागद पडतो. त्या कागदात न मावणारं सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. मी फिजिओथेरपीचं लिहिते. नर्सिंग, सर्जरी, आहार, घरातली सोय यांतल्या जाणकारांनी आपापली भर घाला. औषधांचा डोस आणि टाक्यांची तारीख मात्र तुमचे डॉक्टर सांगतील तीच.

सुरुवात ऑपरेशनच्या आधीपासून. झिजलेल्या गुडघ्याचा माणूस वर्षानुवर्षं पाय वाचवत चालतो, त्यामुळे मांडीच्या पुढचा मोठा स्नायू आधीच रोडावलेला असतो. ऑपरेशननंतर सांध्यात सूज भरली की हा स्नायू आणखी मंदावतो. पेशंट म्हणतो, "मी उचलतोय, पण पाय उचलतच नाही." तो आळस नसतो, सुजलेल्या सांध्यामुळे स्नायूला हुकूमच नीट पोचत नसतो. म्हणून चार ते सहा आठवडे आधी स्नायूत भर घालून ठेवायची.

पलंगावर पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून गुडघा खाली गादीकडे दाबायचा. पाच-सहा आकडे धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम सरळ पाय उचलण्याचा: दुसरा गुडघा वाकवून ठेवायचा, हा पाय आधी मांडी आवळून ताठ करायचा आणि मगच वीतभर-फूटभर वर न्यायचा. आधी न आवळता उचलला तर गुडघा किंचित वाकलेलाच वर जातो आणि व्यायामाचा निम्मा उपयोग वाया जातो. तिसरा व्यायाम सगळे विसरतात, तो हातांचा. हात असलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हातांच्या जोरावर बैठक दोन इंच उचलायची. नंतर वॉकरवर भार हातांनीच पेलायचा असतो.

वॉकर ऑपरेशनच्या आधीच आणा आणि त्यावर चालून बघा. उंची अशी हवी की सरळ उभं राहून हात सैल सोडला तर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी येईल आणि मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहील. उंच वॉकरने खांदे कानाला लागतात, बुटक्याने माणूस कमरेत वाकतो. चारही पायांची रबरी बुटं झिजलेली नाहीत ना, तेही बघा. शेजाऱ्यांकडून आणलेल्या वॉकरची बुटं बहुतेक वेळा झिजलेली असतात.

रात्रपाळी

फार गरजेचा धागा. वॉर्डच्या बाजूने लिहिते.

ऑपरेशन पुढे ढकललं जाण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ वाटणारी असतात: पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या रक्ताळलेल्या भेगा, किडका दात, लघवीला जळजळ, पायावर खाजवून झालेली जखम. या जागांतून जंतू रक्तात शिरून नव्या सांध्यावर बसू शकतात. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे महिनाभर आधी जाऊन या. चिखल्यांना मलम लागतं, आणि ते आदल्या दिवशी लावून चालत नाही, दोन-तीन आठवडे लागतात.

घरी पायाचे केस काढू नका. रेझरने कातडीला बारीक चिरा पडतात आणि त्यात जंतू घर करतात. केस काढायची गरज असेल तर हॉस्पिटलात मशीनने काढतात. आदल्या रात्री आणि सकाळी दिलेल्या जंतुनाशक साबणाने अंघोळ, नंतर अंगाला तेल-पावडर काही नाही. नेलपॉलिश काढून टाका, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला त्याचा अडथळा होतो. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. हाताला सूज आल्यावर बांगडी कापावी लागते, आणि ऐन वेळी ते कोणालाच बरं वाटत नाही.

घरात चालू असलेली सगळी औषधं पिशवीत भरून भूलतज्ज्ञांना दाखवा. "बीपीची एक गोळी आहे" एवढं सांगून भागत नाही. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथी, झोपेची गोळी, तंबाखू, मिश्री, सगळं सांगा.

अस्थिबंध

रात्रपाळीताईंच्या औषधांच्या मुद्द्याला जोडून, सर्जनच्या बाजूने.

मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर ती साधारण तीन दिवस आधी बंद करावी लागते. ही गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर ठीक दिसते म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही मिळून ठरवतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बायॉलॉजिक इंजेक्शनांची तारीख मात्र मागेपुढे करावी लागते.

तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या वर असेल तर आधी ती खाली आणू, मग ऑपरेशन. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने थांबायचं, त्याआधी केल्यास जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. हे पेशंट सांगत नाहीत, कारण इंजेक्शन दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं असतं. निःसंकोच सांगा. सिगारेट, तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद.

इम्प्लांटबद्दल, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याबद्दल, एकच. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ती 54,720 रुपये अधिक कर अशी होती, नंतर आकडे बदलत गेले. बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांना लावून घ्या. त्यावर कंपनी, साइझ आणि लॉट नंबर असतो. पुढे कधी सांध्याचा एखादा भाग बदलायची वेळ आली तर ती माहिती लागते, आणि तोवर हॉस्पिटलचं रेकॉर्ड सापडेलच असं नाही.

मोजमाप

घराचं मी लिहितो. पेशंट दाखल व्हायच्या आधी मोजपट्टी घेऊन घरातून एक फेरी मारा.

पलंग: पेशंट कडेला बसल्यावर तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या गुडघ्याच्या दिशेने किंचित उतरत्या राहिल्या पाहिजेत. सरासरी उंचीच्या माणसाला गादी दबल्यानंतर 20-21 इंच ठीक पडतं. जुना लोखंडी पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण वर खाच करून, सुटे नकोत. सोफा विसरा. त्यात माणूस रुततो. घट्ट बैठकीची, दोन्ही हात असलेली खुर्ची, हवं तर पंगतीची प्लास्टिकची एकात एक अशी दोन, म्हणजे उंचीही वाढते आणि मजबुतीही.

बाथरूमचं दार: जुन्या इमारतींत ते 24 इंचाचं असतं, आणि चौकट-बिजागरी धरून मोकळी वाट त्याहून कमी राहते. बरेच वॉकर जवळपास तेवढेच रुंद असतात. वॉकर घेण्याआधी ही वाट मोजा. मावत नसेल तर वॉकर आडवा करून एक-एक पाऊल बाजूला टाकत आत जायचं शिकून घ्यावं लागतं, आणि ते ऑपरेशनआधी शिकणं सोपं.

भिंतीला चिकटणारे रबरी सक्शनचे दांडे आणू नका. टाइल ओली झाली की ते निसटतात. दांडा भिंतीत ड्रिल करून बसवा, कमोडच्या बाजूला बसल्यावर कोपराच्या उंचीला. पायपुसणी, सुटी जाजमं, वायरी, दारातली रांगोळीची पाटी, सगळं सहा आठवडे उचलून ठेवा. बिछान्यापासून संडासापर्यंत रात्री एक बारीक दिवा जळत राहू द्या.

गुहागरकर

गावाकडच्या घरी संडास परसात आहे, तोही भारतीय पद्धतीचा. वाटेत दोन पायऱ्या आणि पावसात शेवाळ. अशा घरात काय सोय करावी?

मोजमाप

गुहागरकर, पहिले सहा आठवडे परसात जायचं नाही असंच ठरवा. खोलीत कमोड खुर्ची ठेवा, खाली डबा असलेली. पेशंटला लाज वाटते म्हणून तो पाणी प्यायचं कमी करतो, त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा त्रास सुरू होतो. म्हणून पडदा लावा, डबा लगेच साफ होईल अशी व्यवस्था करा आणि त्यावर घरात चर्चा नको.

नंतर बाहेर जायला लागल्यावर तीच खुर्ची, डबा काढून, भारतीय भांड्यावर बरोबर मधोमध ठेवता येते. फरशीला मोरीकडे उतार असतो, म्हणून चारही पाय टेकतात का बघा. खुर्चीच्या पायांची उंची कमी-जास्त करता येते, तिथेच उतार काढा, विटेचा तुकडा सारू नका. शेवाळाला तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर, आणि पायऱ्यांच्या एका बाजूला पाइपचा कठडा. मुहूर्त शक्यतो पावसाळ्यानंतरचा धरा, पण दुखणं सहनच होत नसेल तर पावसासाठी थांबू नये.

तळपाय

आता ऑपरेशननंतरचं. बहुतेक ठिकाणी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. नव्या सांध्यावर पूर्ण भार देता येतो, "पाय टेकू नका" असं वेगळं सांगितलं नसेल तर. पहिल्या वेळी एकट्याने उठायचं नाही. भुलीच्या ब्लॉकमुळे, म्हणजे पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनमुळे, मांडीत जोर नसतो, पाय उभा असल्यासारखा वाटतो आणि गुडघा एकदम सुटतो.

चालण्याचा क्रम: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकर फार पुढे ढकलायचा नाही, पुढच्या दांडीला नव्या पायाची बोटं शिवतील इतपतच. टाच आधी टेकली पाहिजे, मग पंजा. पाय ताठ ठेवून घासत चालण्याची सवय पहिल्या आठवड्यात लागली की ती नंतर काढायला महिने जातात.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. काठी किंवा वॉकर ऑपरेशनच्या पायाबरोबर. दोन-तीन आठवड्यांनी काठीवर आलात की ती चांगल्या पायाच्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला धरली तर सगळं अंग तिकडे कलतं.

खुर्चीतून उठणं नीट बघून घ्या, पडण्याचे प्रसंग इथे जास्त होतात. आधी बैठक सरकत सरकत खुर्चीच्या कडेला आणायची. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, चांगला पाय खुर्चीखाली मागे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, वॉकरवर मुळीच नाही, कारण वॉकर ओढला की तो अंगावर येतो. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं, आणि मग हातांनी खाली जोर देऊन उठायचं. उभं राहिल्यावर एक हात वॉकरवर, तोल सावरला की दुसरा. बसताना मागे सरकत सरकत पोटऱ्या खुर्चीला लागेपर्यंत यायचं, मग हात मागे खुर्चीवर आणि सावकाश बसायचं. घरचे लोक काखेत हात घालून ओढतात. तसं करू नका. आपण ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरायचं.

सातासमुद्रापार

भारतात बाबांचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. गुडघ्याखाली उशी असल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, सिस्टर ती काढून टाकतात. एका उशीने एवढं काय बिघडतं?

तळपाय

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत, कारण माझ्या मते संपूर्ण रिहॅबमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

सुजलेल्या गुडघ्यात, तो 20 ते 30 अंश वाकलेला असताना, आतला दाब सगळ्यात कमी असतो. म्हणून उशीवर बरं वाटतं. पण दिवसरात्र त्याच कोनात ठेवला की गुडघ्याच्या लवणीतलं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच लांबीला आक्रसतात. ऑपरेशननंतर तिथे नवे तंतू तयार होत असतात आणि ते तशाच आखूड स्थितीत पक्के होतात. मग गुडघा दहा-पंधरा अंशांवर अडतो आणि पाय सरळ होत नाही. असा पाय आखूड पडल्यासारखा चालतो, उभं राहिलं की मांडी सतत ताणलेली राहते, थोड्या चालण्याने थकवा येतो, कंबर दुखू लागते. न वाकणाऱ्या गुडघ्याने माणूस निभावून नेतो, सरळ न होणाऱ्या गुडघ्याने दर पावलाला त्रास होतो.

उशी हवी तर ती टाचेखाली. टाचेपासून पोटरीच्या टोकापर्यंत आधार आणि गुडघ्याची लवण हवेत मोकळी. दहा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा, शक्यतो बर्फ लावलेला असताना. पाय बाहेर कलंडतो, तेव्हा बाहेरून एक गुंडाळी लावून गुडघ्याची वाटी छताकडे ठेवायची. रात्री कुशीवर झोपायचं असेल तर चांगल्या बाजूवर, आणि दोन पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत लांब उशी. आरामखुर्चीत पाय स्टुलावर ठेवून टीव्ही बघतानाही हाच नियम.

वाकवण्याचं त्यानंतर. साधारण दोन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास, सहा आठवड्यांत 110 च्या जवळ, असा अंदाज धरतात. समतल चालायला 65-70 अंश पुरतात, जिन्याला 85 ते 100, खुर्चीतून सहज उठायला 100 च्या पुढे. ऑपरेशनआधी ज्याचा गुडघा 90 लाच अडत होता, त्याचा नंतर 130 होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

वाकवण्यासाठी खुर्चीत बसून तळपाय जमिनीवर मागे सरकवायचा, खाली प्लास्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत फडकं. अडला की तिथे दहा आकडे थांबायचं, मग बैठकच थोडी पुढे सरकवायची, पाय जागेवर ठेवून. दुखणं 10 पैकी 4-5 पर्यंत चालतं, पण व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासात ओसरलं पाहिजे. दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त सुजलेला दिसला तर कालचं जास्त झालं. कोणी बळ लावून गुडघा दाबून वाकवत असेल आणि पेशंट ओरडत असेल, तर ते थांबवा. त्याने सूज वाढते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी कमी वाकतो.

रात्रपाळी

उशीच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. रोज काढतो, घरचे परत लावतात.

दुखण्याच्या गोळ्यांचं. "दुखलं तर घ्या" असं समजून माणसं थांबतात, मग दुखणं डोक्यावर गेल्यावर घेतात, तेव्हा ती पुरत नाही. पहिले काही दिवस लिहून दिलेल्या वेळेलाच घ्यायची. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पडली तर व्यायाम नीट होतो. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सूज उतरवणारी गोळी आणू नये. ट्रॅमाडॉलने मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, तर शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचं.

बर्फ 15-20 मिनिटं, कापडात गुंडाळून, दिवसातून चार-पाच वेळा. फ्रीझरमधली मटारची पिशवी गुडघ्याच्या आकाराला छान बसते. शेक बिलकुल नाही.

पोटरीला मालिश करू नका, हे ठळक अक्षरांत वाचा. "पाय आखडलाय, तेल लावून चोळून देतो" म्हणणारे घरोघरी असतात. शिरेत रक्ताची गाठ झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एका बाजूलाच जास्त सुजली, टणक झाली, दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, भोवळ, तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. गाठ टाळायला घोट्याचा पंप, म्हणजे पंजा वर-खाली हलवणं, दर तासाला वीसेक वेळा, आणि रक्त पातळ करणारं औषध दिलेल्या दिवसांपुरतं पूर्ण. दोन ते पाच आठवड्यांपर्यंत ते देतात, आणि "आता चालता येतंय" म्हणून मध्येच सोडायचं नसतं.

पंजा वर उचलता येत नसेल, पायाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असेल, तर क्रेप बँडेज घट्ट आहे का बघून लगेच कळवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाजवळ बांधणी आवळली की तिथल्या नसेवर दाब येतो.

सत्तरीपुढच्या पेशंटना दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रम होऊ शकतो: हात सलाइनकडे, "मला घरी न्या", माणसं ओळखत नाहीत. घाबरू नका, पण सांगायला विसरू नका. लघवी तुंबणं, रक्तातलं सोडियम उतरणं, झोपेची किंवा दुखण्याची औषधं, ताप, अशी कारणं शोधावी लागतात. चष्मा आणि कानाचं मशीन पहिल्या सकाळीच लावून द्या. ओळखीचं माणूस रात्री जवळ असलं तर फार फरक पडतो.

शतावरी

आहार. बरं होण्याच्या काळात दर किलो वजनामागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं धरतात. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 80-95 ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा नेफ्रॉलॉजिस्टला विचारूनच.

आपल्या ताटातून तो कसा भरतो ते बघा. एक वाटी शिजलेलं घट्ट वरण 6-7 ग्रॅम, एक अंडं 6, पाव लिटर दूध 8, शंभर ग्रॅम पनीर 18, शंभर ग्रॅम मासळी 20 च्या आसपास, मूठभर शेंगदाणे 7-8. नुसतं पोळी-भाजी-भात खाणाऱ्याचे दिवसाला 40-45 भरतात. मूग-मटकीची उसळ, सकाळी थालीपिठाच्या भाजणीत सोयापीठ, दुपारी ताकाऐवजी घट्ट दही, रात्री दूध किंवा पनीर, असं तीन जेवणांत विभागा. एकाच वेळी सगळं नको.

"डाळ खाऊ नका, जखम चिघळते", "आंबट खाल्लं की पू होतो" हे सल्ले येतील. याला आधार नाही, आणि नेमकी प्रथिनंच ताटातून जातात. उपवास असतील तर साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शिंगाड्याचं पीठ, दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा यांवर दिवस काढा, आणि महिनाभर उपवास सोडले तर अधिक बरं. पाणी बेताने पण दिवसभर. इसबगोल घेतलं तर त्यावर पूर्ण पेलाभर पाणी, नाहीतर पोट आणखी अडतं.

अस्थिबंध

जखमेबद्दल मला एकच गोष्ट फार जोर देऊन सांगायची आहे.

टाके सहसा 12 ते 14 दिवसांनी काढतात. पहिले दोन-तीन दिवस ड्रेसिंगवर थोडा ओलावा दिसणं वेगळं. पाच-सात दिवसांनंतरही जखम पाझरत असेल, लाली पसरत असेल, टाके काढल्यावर एखादा बिंदू परत ओला झाला असेल, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा, त्याच दिवशी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लिहून घेऊ नका. त्या गोळीने वरवर लाली उतरते, आतला जंतू इम्प्लांटवर थर करून बसतो, आणि नंतर आम्ही सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं तर जंतू उगवतच नाही. काय मारायचं तेच कळत नाही. लवकर कळलं तर सांधा धुऊन, धातूच्या भागांमधला प्लास्टिकचा भाग बदलून इम्प्लांट वाचवता येऊ शकतं. जंतू पक्के बसले की सगळं काढावं लागतं. हळद, पावडर, मलम जखमेवर काही नको.

काय नॉर्मल आहे तेही सांगतो, कारण त्यासाठी मध्यरात्री फोन येतात. मांडीपासून घोट्यापर्यंत काळं-निळं उतरणं. गुडघा काही महिने हाताला गरम लागणं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, हा थोडा कायम राहू शकतो, कारण कातडीची बारीक नस चिरेत जाते. चालताना टकटक आवाज, धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकतात, त्याचा. रात्रीची झोप उडणं, हे सहा आठवडे तरी.

सहा आठवड्यांनी गुडघा 90 च्या खाली अडलेला असेल तर वाट बघू नका. साधारण तीन महिन्यांच्या आत भूल देऊन तो वाकवून मोकळा करता येतो. त्यानंतर आतले तंतू पक्के होतात आणि तो उपाय धोक्याचा ठरतो.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर गाडी सहा आठवड्यांनी, ब्रेक झटकन मारता येतोय आणि गुंगी आणणारी गोळी बंद आहे, हे बघून. स्कूटरला त्याहून उशीर, कारण थांबल्यावर पाय टेकून वजन सावरावं लागतं. मांडी घालणं, उकिडवं बसणं टाळाच. एखाद्याला जमलं तरी प्लास्टिकच्या कडेवर दाब येतो आणि झीज वाढते. पूजेला, जेवायला खुर्ची-टेबल कायमचं.

गुहागरकर

खुब्याचं हाड मोडून अर्धा सांधा बदललेल्यांनाही हेच नियम का?

तळपाय

नाही, आणि ही सरमिसळ घातक आहे. खुब्यात, विशेषतः मागच्या बाजूने ऑपरेशन केलेलं असेल तर, पहिले काही आठवडे मांडी पोटाशी 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आत वळवायचा नाही. नाहीतर सांधा निखळतो. म्हणजे बुटक्या खुर्चीत बसायचं नाही आणि खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. दोन पायांमध्ये उशी तिथे सक्तीची, गुडघ्यात फक्त सोयीची. उलट गुडघ्यात वाकवण्याचा जोर आहे तो खुब्याला लावू नका. कोणत्या बाजूने ऑपरेशन केलं ते डिस्चार्ज कार्डावर असतं, ते वाचून फिजिओला दाखवा.

सातासमुद्रापार

सविस्तर उत्तराबद्दल आभार, उशी आज काढायला सांगितली. गुडघा आपोआप वाकवणारं मशीन भाड्याने मिळतंय, घ्यावं का? आणि अंश घरी कसे मोजायचे?

तळपाय

नेहमीच्या गुडघेबदलात त्या मशीनने शेवटच्या वाकण्यात फारसा फरक पडत नाही, असंच अभ्यासांतून दिसलेलं आहे. शिवाय मशीनवर पाय पडून राहतो, स्नायू स्वतः काही करत नाही. तेच पैसे आठवड्यातून तीनदा घरी येणाऱ्या फिजिओवर खर्च करा.

मोजण्यासाठी अंशांच्या मागे लागू नका, सेंटिमीटरमध्ये मोजा. वाकण्यासाठी: पाठीवर झोपून, तळपाय गादीवर घासत टाच बैठकीकडे जितकी येईल तितकी आणायची आणि टाच ते बैठक अंतर टेपने घ्यायचं. सरळ होण्यासाठी: टाचेखाली जाड पुस्तक ठेवून पाय पूर्ण सैल सोडायचा आणि गुडघ्याची लवण ते गादी हे अंतर घ्यायचं. दर वेळी तेच पुस्तक, तीच गादी, आणि सकाळी व्यायामाआधी. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा, दर तिसऱ्या दिवशी. पहिलं अंतर घटत गेलं पाहिजे. दुसरंही घटलं पाहिजे, आणि ते सलग आठवडाभर तिथेच अडलं असेल तर बाबांच्या फिजिओला तो कागद दाखवून टाचेखाली उशी ठेवायच्या वेळा दुप्पट करायला सांगा.